नळी गळ्यात येते म्हणून यंत्र माळ्यावर?

पत्र: "माझं वय 57. नोव्हेंबरात सांगलीला झोपेची तपासणी झाली, तासाला 41 वेळा श्वास अडतो असं निघालं. डॉक्टरांनी झोपेत नळी आणि मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप यंत्र लावायला सांगितलं. दुकानातून एक मुलगा आला आणि पंधरा मिनिटांत जोडून गेला. मास्कचं फारसं काही वाटत नाही, पण त्या नळीनं जीव नकोसा केलाय. मी पलंगावर उजव्या कडेला, खिडकीशी. यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर. डावीकडे मंडळी, आणि त्यांच्या पलीकडे उतरायची वाट. मला सवय डाव्या कुशीची. कूस बदलली की नळी ओढली जाते, मास्क तिरपा होतो, हवा फुस्सकन डोळ्यात जाते. दोनदा तर गळ्याभोवती वेढा पडला. पहाटे नळीत गुडगुड होते आणि नाकात पाणी टपकतं. वर मच्छरदाणीची कटकट. मंडळी म्हणतात, घोरणं परवडलं पण तोंडावर येणारी ही फुसफूस नको. शेवटी रात्री दोनच्या सुमाराला मी मास्क काढून ठेवतो. यंत्र माळ्यावर टाकावं असं वाटायला लागलंय. फेब्रुवारीत पुण्याला पुतण्याचं लग्न आहे, तिथं हॉलवर हे धूड घेऊन कुठं झोपू?" (स. पा., विटा)

सप्रेम नमस्कार,

माळ्यावर टाकू नका. निदान पंधरा दिवस तरी नको. तुमची अडचण मास्कची नाही, हवेच्या दाबाचीही दिसत नाही. ती निव्वळ सामान कुठं ठेवायचं याची आहे, आणि ती एका दुपारी सुटण्यासारखी आहे. हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, कारण मी डॉक्टर नाही. सात वर्षं रोज रात्री हीच नळी नाकाला लावून झोपतो म्हणून सांगतो. आमच्या घरी तिला 'सोंड' म्हणतात. नातवंडं आली की "आजोबा, सोंड लावा ना" म्हणून मागं लागतात.

आधी त्या दोनच्या ठोक्याविषयी. अर्धी रात्र तर लावतो, म्हणजे अर्धा फायदा तर झाला, असा हिशेब तुम्ही मनात केला असेल. मीही केला होता. पण तो तसा बसत नाही. जिच्यात स्वप्नं पडतात ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे जास्त असते. तिच्यात अंग सैल पडतं, घशाचे स्नायूही सैल पडतात, आणि बहुतेकांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. तासाला 30 च्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात, तुमचं 41 आहे. दोन वाजता मास्क काढणं म्हणजे शाळू कापणीला आल्यावर राखण सोडून घरी यायचं.

आता नळी.

गाईचं दावं कितीही लांब असू दे, खुंटा चुकीच्या जागी ठोकला असला तर गाय गव्हाणीपर्यंत पोचत नाही, आणि वर पायात वेढे पडतात ते वेगळेच. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. यंत्र हाच तुमच्या नळीचा खुंटा झालाय, आणि तो तुमच्या पाठीमागं आहे. तुम्ही डाव्या कुशीवर वळलात की नळी खिडकीकडून निघून खांद्यावरून, मानेवरून नाकापर्यंत येते. ती ओढली गेली की मास्कचा एक काठ उचलला जातो. तिथून हवा डोळ्यात जाते. मग आपण पट्टे आवळतो. पट्टे आवळले की गालावर वळ उठतात आणि गळती मात्र थांबत नाही, कारण खोट पट्ट्यात नव्हतीच. तुमच्या पत्रात वळांचा उल्लेख नाही, पण आवळून पाहिलं असणारच.

तेव्हा खुंटा हलवायचा. नळी यंत्रातून थेट नाकाकडे न आणता आधी डोक्याच्या वर, भिंतीवरच्या एका ठिकाणी अडकवायची आणि तिथून खाली मास्कपर्यंत सोडायची. ओढ डोक्याच्या वरून आली की डावी कूस, उजवी कूस, उताणं, काहीही केलं तरी नळी तुमच्याबरोबर फिरते. मानेच्या वाटेला जातच नाही.

जागा ठरवायची ती दिवसा, पूर्ण जागेपणी. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पलंगावर आडवे व्हा, मास्क लावा, यंत्र सुरू करा आणि वहिनींना डोक्याशी उभं करा. त्यांनी नळी हातात धरून उशीच्या वर दीड-दोन फुटांवर ठेवायची. तुम्ही हळूहळू डावीकडे वळा, मग उजवीकडे, मग रात्री झोपेत खाली घसरता तसे घसरा. ज्या स्थितीत डोकं वहिनींच्या हातापासून सर्वांत लांब जातं, तिथवर नळी पोचायला हवी आणि वर वीतभर ढील राहायला हवी. वीतभरच. फार ढील ठेवली की तिचा फास होतो आणि कोपर त्यात अडकतं. नळीवर त्या जागी पेननं खूण करा, भिंतीवर खडूनं करा. आमच्याकडे या तालमीला अर्धा तास लागला, त्यातली दहा मिनिटं हसण्यात गेली.

याच तालमीत पट्टेही बघून घ्या. मास्क बसवायचा तो आडवं पडून, हवा चालू असताना. बसल्या-बसल्या नीट बसलेला मास्क आडवं झाल्यावर बदलतो, कारण गाल एका बाजूला उतरतात.

भिंतीत पडद्याच्या दोरीचा असतो तसला स्क्रूचा गोल हुक लावा. चिकटवायचे हुक गुळगुळीत टाइलवर किंवा प्लायवर ठीक, पण चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर ते पापुद्र्यासकट रात्री उशीवर येतात. हुकात नळी नुसती टाकू नका, ती घसरते. माझा जुगाड सांगतो: पायजम्याच्या नाडीऐवजी मिळतं ते इलॅस्टिक घ्यायचं, हातभर. एका टोकाला नळीभोवती सैल कडी करायची, नळी आणि कडी यांच्यात अंगठा जाईल इतकी सैल, आणि दुसरं टोक हुकात. कूस बदलताना इलॅस्टिक थोडं ताणलं जातं आणि परत आवरतं, त्यामुळे मास्कला झटका बसत नाही. कडीच्या जागी वेल्क्रोची पट्टी लावली तरी चालेल. सुतळीनं गच्च बांधू नका. नळी तिथं चेपते, आणि वर्षभरात तिला तिथंच भेग पडते.

भाड्याचं घर असेल, खिळा मारू देत नसतील, तर ऑनलाइन एक स्टँड मिळतं. त्याची चपटी पाटी गादीखाली सरकवायची आणि वर लवचीक दांडी येते. चांगलं आहे, पण आमच्या जाड कापसाच्या गादीखाली ते कललं. तुमची भिंत तुमचीच असेल तर हुकच बरा.

आणि हो, मच्छरदाणीच्या दोरीला नळी अडकवू नका. मी अडकवली होती. पहिल्याच आठवड्यात पहाटे तीनला कूस बदलली आणि चारही दोऱ्यांसकट मच्छरदाणी आम्हा दोघांवर आली. नाकाला सोंड, अंगावर जाळी, आणि बायको अंधारात "चोर चोर" म्हणून ओरडतेय. शेजारचे येऊन दार वाजवायला लागले. मास्क न काढताच मी दार उघडलं, ते पाहून ते जास्त घाबरले.

आता तुमच्या बाबतीत हुकाबरोबर आणखी एक बदल करावा लागेल, आणि तो वहिनींना विचारून. जागा बदला. तुम्ही डावीकडच्या कडेला या, त्या खिडकीकडे जाऊ देत. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकांची ओळ असते, तिथून आपण सोडलेला श्वास बाहेर पडतो. आज तुम्ही डाव्या कुशीवर वळता म्हणजे ती भोकं सरळ वहिनींच्या तोंडासमोर येतात. त्यांची तक्रार अगदी रास्त आहे, हिवाळ्यात तर जास्तच. कडा बदललीत की तीच फुसफूस मोकळ्या वाटेकडे जाईल. लग्नाला तीस-तीस वर्षं झाल्यावर पलंगाची बाजू बदलणं सोपं नसतं, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे यावर दोन दिवस अबोला होता. ती भोकं मात्र कधीही झाकायची नाहीत. पांघरूण तोंडावरून घ्यायची सवय असेल तर मोडा. ती झाकली गेली तर सोडलेलीच हवा पुन्हा आत ओढली जाते.

बाजू बदलली की यंत्रही खिडकीतून हलवता येईल, आणि पाण्याचं निम्मं दुखणं तिथंच संपेल. नाकात टपकणारं पाणी येतं कुठून, तर यंत्राच्या डब्यातलं पाणी कोमट होऊन दमट हवा नळीत जाते. नळी थंड असली की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात तसे आतून थेंब जमतात. विट्याची डिसेंबरातली पहाट, वर खिडकीच्या काचेला टेकून गेलेली नळी, आणि यंत्र डोक्यापेक्षा उंच. पाण्याला उतार सापडला तो तुमच्या नाकाकडे. गुडगुड म्हणजे तेच पाणी हवेबरोबर पुढं-मागं होतंय.

यंत्र गादीच्या पातळीपेक्षा खाली, बुटक्या स्टुलावर ठेवा, डाव्या बाजूला, उशीच्या रेषेत, भिंतीला अगदी चिकटवून नको कारण मागं हवा ओढायची जाळी असते. साधी नळी सुमारे 6 फूट असते. स्टुलापासून हुकापर्यंत तीनेक फूट आणि हुकापासून नाकापर्यंत अडीच-पावणेतीन, असा हिशेब जेमतेम बसतो. म्हणून स्टूल पायथ्याकडे सरकवू नका. जास्तीची नळी उरलीच तर ती हुकाच्या यंत्राकडच्या बाजूला लोंबू द्या, तुमच्या बाजूला नको.

चाणाक्ष वाचक इथं विचारील की नळी वर हुकावर नेली तर हुकापासून नाकापर्यंतचा उतार आहेच की! खरं आहे. वरून टांगण्याचा तोटा आहे तो हाच. म्हणून नळीला अंगरखा शिवायचा. जुन्या फ्लॅनेलची किंवा मऊ सुती साडीची दुपदरी, 6 फूट लांब नळकांड्यासारखी पिशवी, एका बाजूनं वेल्क्रो. वहिनींकडे शिलाई मशीन असेल तर तासाभराचं काम. नळी ऊबदार राहिली की थेंब जमत नाहीत, आणि रात्री हाताला, गालाला प्लास्टिकचा गार स्पर्शही होत नाही. मला तर या दुसऱ्याच गोष्टीचं जास्त सुख वाटलं. त्याबरोबर यंत्रावरचा आर्द्रतेचा आकडा एक-दोन घरं खाली आणून बघा. तो आपण बदलायला हरकत नसते. हवेच्या दाबाच्या आकड्याला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. एवढ्यानंही पाणी थांबलं नाही तर आतून तार घातलेली, तापणारी नळी मिळते. ती सगळ्या यंत्रांना बसत नाही, म्हणून तुमचं मॉडेल सांगून विचारा. आणि डब्यात पाणी असताना यंत्र उचलून इकडून तिकडे नेऊ नका, कललं की पाणी मोटारीकडे जातं.

मच्छरदाणीचं काय? नळी आत घ्यायला आपण जाळीचा काठ उचलून ठेवतो आणि रात्रभर डासांना वाट करून देतो. वहिनी मशीनवर बसल्याच आहेत तर जुन्या शर्टाची बाही कापून घ्यायला सांगा. डोक्याकडच्या बाजूला जाळीला भोक पाडून ती बाही शिवायची आणि मनगटाच्या टोकाला नाडी ओवायची. बाहीतून नळी आत घ्यायची, नाडी अलगद ओढायची. हुक जाळीच्या बाहेर राहील, चालतं. डासांसाठी कॉइल लावत असाल तर त्या खोलीत नको. यंत्र खोलीतलीच हवा ओढतं, आणि तो धूर थेट तुमच्या नाकात सोडतं.

गळ्याला वेढा पडला तेव्हा तुम्ही दचकून उठलात, साहजिक आहे. ती भीती घालवायला एक सराव करा: डोळे मिटून, एका हातानं नळी मास्कपासून सोडवायची. बहुतेक मास्कला पुढं फिरणारा, कोपरासारखा वाकडा जोड किंवा दोन बाजूंनी दाबायचा चाप असतो. दहा वेळा करा. हात आपोआप तिथं जायला लागला की मन शांत होतं. रात्री लघवीला उठतानाही हेच करायचं, मास्क तोंडावर तसाच, फक्त नळी सोडून हुकाला लटकवायची. परत येऊन जोडली की झालं. मास्क काढला की तो पुन्हा लावायचा कंटाळा येतो, आणि तुमचे दोन वाजतात ते इथंच. (रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं हेही श्वास अडण्याचं एक लक्षण असतं. यंत्र नीट चाललं की अनेकांचं ते कमी होतं. माझं तीनवरून एकावर आलं.)

लाइट गेली तर? मास्क काढून ठेवा, लाइट आली की पुन्हा लावा. तोंड आणि नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर पाणी तापवणं बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तेच खातं.

हे सगळं करूनही जमलं नाही, तरच खर्चाच्या गोष्टींकडे वळा. एक म्हणजे बारीक नळी. साधी नळी आतून 19 मिलिमीटर असते, बारीक 15. वजनाला हलकी, वळायला सोपी. पण ती लावल्यावर यंत्राच्या मेनूमध्ये नळीचा प्रकार बदलावा लागतो, नाहीतर दाबाचा हिशेब चुकतो. दुकानदार हे सांगतीलच असं नाही. दोन नळ्या जोडून लांबी वाढवण्याचा उद्योग तर करूच नका. दुसरं म्हणजे ज्या मास्कला नळी नाकाशी न जोडता डोक्याच्या टाळूवर जोडतात तो. रेसमेडचे एअरफिट एन-30 आय, पी-30 आय किंवा फिलिप्सचा ड्रीमवेअर या जातीचे आहेत. हवा दोन्ही गालांवरून खाली येते, एका कुशीवर झोपून एक बाजू दबली तरी दुसरीतून चालू राहते. कूस बदलणाऱ्यांना हा प्रकार मानवतो. पण स्वस्त नाही, तेव्हा घरी एक-दोन रात्री लावून बघायला देतात का ते आधी विचारा. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाचे चाप असतात. घरात कुणाला पेसमेकर असेल, तुम्हाला स्वतःला किंवा शेजारी झोपणाऱ्याला, तर तसला मास्क घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

फरक पडला की नाही हे अंदाजानं ठरवायचं नाही. सकाळी यंत्राच्या पडद्यावर गळती दिसते. रेसमेडच्या यंत्रात मिनिटाला 24 लिटरच्या पुढे गेली तर ती जास्त धरतात, काही यंत्रं नुसता हसरा-रडका चेहरा दाखवतात. हुक लावण्याआधीच्या तीन रात्री आणि नंतरच्या तीन रात्री कॅलेंडरवर लिहून ठेवा, दूधवाल्याचे खाडे लिहितो तसे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद न्या.

नळी आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणानं धुवायची, दोन्ही टोकं खाली सोडून सावलीत दोरीवर टाकायची. उन्हात नको, कडक होते. धुतानाच एक टोक तळव्यानं बंद करून पाण्याखाली फुंकून बघा, बुडबुडा आला की भोक आहे. भोकाला चिकटपट्टी लावून दिवस काढू नका.

आता पुण्याचं लग्न. यंत्र न्यायचंच. हॉलवर पुरुषमंडळींच्या गाद्या जमिनीवर पडतात, तेव्हा संध्याकाळीच जाऊन भिंतीकडेची, खिडकीखालची आणि प्लगजवळची गादी धरा. रुखवत मांडायच्या गडबडीत कुणी विचारत नाही. खिडकीचा गज हाच हुक, इलॅस्टिकची कडी खिशात न्यायची. यंत्र जमिनीवरच, पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येणार नाही असं भिंतीच्या कोपऱ्यात, खाली एखादा पाट ठेवून. पाचेक मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि पाण्याची बाटली घरून न्या. डब्यात पाणी भरायचं ते तिथं पोचल्यावर. आणि शेजारच्या गादीवर घोरणारा एखादा मामा निघालाच, तर सकाळी चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन तुमच्या डॉक्टरांचं नाव सांगा.